शेजाऱ्याच्या गॅरेजमधली घरघंटी

परदेशातल्या अवोन्डेल उपनगरातल्या आमच्या घरामागे ओढा होता. घर भाड्याने घेताना त्याच ओढ्याकडे बोट दाखवून मी भाडं पाडून घेतलं होतं, आणि त्या सौद्याचा मला बरीच वर्षं अभिमान होता.

गॅरेजात माझी घरघंटी असे. मी भाजणी दळून रविवारच्या बाजारात विकायचे. सुरुवात मिक्सरवर केली. तो जळाल्यावर पुण्याहून घरघंटी मागवली. ती बोटीने यायला अडीच महिने लागले. या देशात काहीही बिघडलं की सुटा भाग समुद्र ओलांडूनच येतो, हे तेव्हा नीट कळलं.

शेजारी एक निवृत्त गोरा सुतार एकटाच राहायचा. त्याने आवाजाची तक्रार कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडे केली. तोंडावर बोलला असता तर मी भांडले असते आणि विषय संपला असता. पण घरी कागद आला, याचा राग मनात बसला. कागदावर होतं, दळण सकाळी नऊच्या आधी नाही, संध्याकाळी पाचनंतर नाही. मी त्याच्याकडे साडेआठ मागितले. तो म्हणाला, "नऊ." भल्याभल्या भाजीवाल्यांना नमवणारी मी, या माणसाकडून अर्धा तास सुटला नाही.

दसऱ्याला झेंडू मिळाला नाही. कुंपणावरून आमच्याकडे झुकलेली त्याची पिवळी फुलं तोडली, हार केला, घरघंटीला हळदकुंकू वाहिलं आणि पाया पडले. मान वर केली तर तो पलीकडून बघत होता. मी घाईने गॅरेजचं दार ओढून घेतलं.

आठवड्याने दोन दिवस पाऊस लागून राहिला आणि तिसऱ्या सकाळी ओढा कुंपण ओलांडून आत आला. नवरा शहराच्या दुसऱ्या टोकाला, ईस्ट टामाकीला गोदामात कामावर होता. त्याचा फोन आला, "अगं, रस्ता बंद केलाय. तू आधी डाळीची पोती वर घे."

"घेते हं! तुम्ही बसा तिकडून हमालाला हुकूम सोडत," मी म्हटलं आणि तरीही पोतीच उचलायला लागले.

पाणी घोट्यापर्यंत आलं तेव्हा तो म्हातारा गमबूट घालून, ट्रॉली ढकलत गॅरेजात शिरला.

"आता कसली तक्रार?" मी ओरडले. "मशीन बंद आहे! नऊसुद्धा वाजले नाहीत!"

"मेन स्विच बंद केलात?"

"केला."

"मग ते पोतं ठेवा खाली. हिची मोटर तळाशी आहे."

"डाळ भिजेल!"

"डाळ पापाटोएटोच्या दुकानांत मिळते. ही मिळते?"

दिवाळीच्या सगळ्या ऑर्डरी त्या मोटरवर होत्या. मी पोतं सोडलं. दोघांनी मिळून घरघंटी ट्रॉलीवर चढवली आणि चढावरच्या त्याच्या गॅरेजात नेली. मागे वळून पाहिलं, तर पोती अर्धी पाण्यात होती.

त्याने चहा दिला. मी विचारलं, "मला सुचलं नाही, ते तुम्हाला कसं सुचलं?"

"त्या दिवशी तुम्ही डाळीच्या पाया पडला नव्हतात," तो म्हणाला. "माझ्या फुलांचा हारही डाळीला नव्हता."

आमचं गॅरेज वाळेपर्यंत दिवाळीचं सगळं दळण त्याच्या गॅरेजात झालं. भिंती थरथरायच्या, तो कानात कापूस घालून पेपर वाचायचा. शेवटच्या दिवशी चकल्यांचा डबा देऊन मी म्हटलं, "आता तरी तक्रार मागे घ्या."

"आता तर मुळीच नाही. मला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज जास्त आहे."

तो कागद त्याने कधीच मागे घेतला नाही. ते मी अजून विसरलेले नाही.

पुढच्या दसऱ्याला त्याने फुलं स्वतः आणून दिली. मी घड्याळ बघून म्हटलं, "पावणेनऊ झालेत. सणाचा दिवस आहे. चालू करू?"

"पूजा करा. चालू नऊला."

मी घरघंटीची पूजा केली. मग हळदकुंकवाची वाटी उचलून कुंपणापलीकडे गेले, त्याच्या ट्रॉलीच्या दांड्याला बोट लावलं आणि पाया पडले. मग आम्ही दोघं नऊ वाजायची वाट बघत उभे राहिलो.