वडीलमंडळींनी शाळेवर घातलेला हाका

नातवाच्या शाळेत हल्ली फाटकाला कुलूप असतं, दाराशी पहारेकरी असतो, आणि तरी माझी सून दिवसातून दहा वेळा घड्याळाकडे बघते. पोरं एकमेकांना मारतात म्हणे. मी तिला काही बोलत नाही. बोलले तर मला माझीच गोष्ट सांगावी लागेल, आणि त्या गोष्टीत मारणारी मीच आहे.

आमचं गाव एटापल्लीच्या वाटेवरचं, जंगलाला खेटून. तेव्हा जिल्हे वेगळे झाले नव्हते, सगळा चांदा जिल्हाच होता. मी चौथीत होते. चौथीला आम्ही पाच जण, त्यात मुलगी मी एकटी. परीक्षा द्यायला बैलगाडीने तालुक्याला जायचं होतं आणि गाडीत पुढे कोण बसणार हेसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं. अर्थात मीच.

धान कापून झालं होतं. थंडी चांगली पडली होती. तेवढ्यात बोडीच्या काठावर, म्हणजे आमच्या गावतळ्यापाशी, वाघाने भरदिवसा एक गोऱ्हा मारला. बोडीपासून शाळा हाकेच्या अंतरावर. गावात सभा बसली. भक्कम विटांच्या भिंती आणि कवेलूचं, म्हणजे कौलांचं, छप्पर असलेली इमारत गावात एकच होती, ती म्हणजे शाळा. मग ठरलं ते असं की सकाळी सगळ्यांनी मिळून पोरांना शाळेत पोचवायचं, गुरुजींनी आतून अडसर घालायचा, खिडक्यांना फळ्या ठोकायच्या, आणि दिवस मावळायच्या आत वडीलमंडळींनी येऊन पोरं घेऊन जायची. तोवर कोणी दार उघडायचं नाही. गुरुजी वर्ध्याकडचे होते. वाघ त्यांनी चित्रातसुद्धा लांबूनच पाहिला असावा. अडसराला त्यांनी आणखी एक दोरीही बांधली.

चाळीस पोरं, चार वर्ग, एक खोली, एक गुरुजी आणि फळ्यांच्या फटींतून येईल तेवढा उजेड. पहिला दिवस मजेत गेला. दुसऱ्या दिवशी बसायच्या जागेवरून चिमटे सुरू झाले. तिसऱ्या दिवशी तिसरीतल्या एकाने दुसरीतल्या एकाचा कान चावला. चौथ्या दिवसापासून तर खोलीचे दोन पक्ष पडले, खिडकीकडचे आणि भिंतीकडचे. गुरुजी छडी घेऊन एका कोपऱ्यात भांडण मिटवायला गेले की दुसऱ्या कोपऱ्यात नवीन उभं राहायचं. बिचाऱ्यांचा आवाज बसला. मी खिडकीकडच्या पक्षाची पुढारी होते. माझा स्वभाव तेव्हाही असाच होता, हात आधी चालायचा आणि डोकं मागून यायचं.

घरोघरी आयांनी पोरांच्या अंगावरचे वळ पाहिले. "वाघ परवडला, पण हे पोट्टे नाई," असं माझी मायच एका रात्री जेवताना म्हणाली.

आता वडीलमंडळी आम्हाला न्यायला कशी यायची, ते सांगायला हवं. आमच्या गावातले पुरुष हाक्याला जाण्यात तरबेज. कोणी साहेब शिकारीला आला की हे लोक रानाला तीन बाजूंनी वेढायचे, डबे बडवत आणि ओरडत पुढे सरकायचे, आणि जनावर बरोबर चौथ्या मोकळ्या बाजूला निघायचं. तिथे साहेब मचाणावर बंदूक घेऊन बसलेला असायचा. हे काम त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की शाळेभोवतीच्या झुडपांतून येतानाही ते तसेच यायचे. घासलेटचे रिकामे डबे, एक ढोल, खांद्यावर कुऱ्हाडी, आणि "हो हो हो" असा गलका. आम्हाला आत बसल्या बसल्या फार थोर वाटायचं. आपल्यासाठी एवढा गाजावाजा!

आठव्या दिवशी गलका नेहमीसारखा सुरू झाला. जवळ जवळ येत गेला. आणि एकदम बाहेर आरडाओरडा झाला, व्हरांड्यात काहीतरी धाडकन आलं आणि दारावर आदळलं. फळ्या हादरल्या. कवेलूची माती आमच्या डोक्यावर पडली. "वाघ!" म्हणून चाळीस पोरं एका सुरात ओरडली. गुरुजी टेबलावर चढले. दारावर पुन्हा धडक बसली.

तेवढ्यात एक मुलगा उठला आणि दाराकडे धावला. माझ्याच वर्गातला, भिंतीकडच्या पक्षातला, हाडकुळा आणि एरवी तोंडातून शब्द न काढणारा. त्याने दोरी सोडली आणि अडसराला हात घातला. दार उघडतोय! मी काही विचार केला असेल असं मला वाटत नाही. हातात पाटी होती, ती लाकडी चौकटीसकट त्याच्या डोक्यात घातली. तो खाली बसला. मी त्याला दोन्ही हातांनी धरून मागे ओढलं. माझा सगळा परकर त्याच्या रक्ताने भरला.

व्हरांड्यातलं जनावर तोवर पळून गेलं होतं. ते रानडुक्कर होतं. वाघ म्हणे त्या वेळी आठ कोसांवर दुसऱ्याच गावचा हेला, म्हणजे रेडा, खात बसला होता, पण ते आम्हाला दोन दिवसांनी कळलं.

दार उघडलं आणि शाळेसमोरच सभा भरली. बायकाही धावत आल्या. जो तो ओरडत होता. कोणी म्हणे पोरांचे हात बांधून बसवा, कोणी म्हणे पाट्या काढून घ्या. "पाट्या काढल्यावर लिहायचं कशावर?" असं गुरुजी बसलेल्या आवाजात विचारत होते, पण त्यांना कोण विचारतो. शेवटी हाक्याचा म्होरक्या, एक म्हातारा, हात वर करून म्हणाला, "थांबा गा. मले एक सांगा. आपण तिन्ही बाजूनं हाकत आलो. चौथी बाजू कोणती?"

सगळ्यांनी माना वळवल्या. चौथ्या बाजूला शाळेचं दार होतं.

आठ दिवस ही मंडळी रानातलं जे काही असेल नसेल ते बिनचूक आमच्याच दाराकडे हाकून आणत होती. आधी एक जण हसला, मग सगळेच हसले. माझे बाबा डबा पोटाशी धरून हसत होते. हसता हसता त्यांचं लक्ष माझ्या परकराकडे गेलं आणि त्यांनी डबा खाली टाकला.

मायने ते रक्त त्यांच्याआधीच पाहिलं होतं. "माह्या पोरीले मारून टाकलं व!" म्हणून तिने टाहो फोडला. "उद्यापासून शाळा बंद. नाई शिकली तरी चालते मले, जित्ती राह्यली पाह्यजे."

शाळा बंद म्हणजे परीक्षा गेली, गाडी गेली, सगळंच गेलं. खरं सांगितलं तर मार बसेल हे दिसत होतं, पण घरी बसण्यापेक्षा मार बरा. "माय, हे माहं रक्त नोहे," मी म्हटलं. "त्याचं होय. मी पाटी मारली त्याले."

माय रडायची थांबली. तिने माझं डोकं चाचपलं, हात चाचपले. "तुले कायी लागलं नाई?"

"नाई."

"मंग काऊन घाबरवतं व मले!" आणि तिने डोळे पुसून टाकले. तिच्या दृष्टीने विषय संपला होता. मला आजही त्याचं हसू येतं. आईबापांची काळजी अशीच असते, आपलं लेकरू मार खाणाऱ्यांत आहे की देणाऱ्यांत, तेवढं कळलं की निम्मी कमी होते.

त्या मुलाची आई मात्र तिथेच उभी होती. ती विधवा होती. घरात पुरुष नाही म्हणून हाक्यात ती स्वतः यायची, सगळ्या पुरुषांत एकटी बाई. तिने मुलाचं डोकं पदराने घट्ट बांधलं आणि म्हणाली, "बाहेर जनावर, अंदर हे असं. माहं एकच लेकरू आहे. मी नाई पाठवत." ती त्याला घेऊन निघून गेली.

घरच्या अंगणात आल्यावर बाबा म्हणाले, "तुह्या भेवानं ते पोरगं शाळा सोडून राह्यलं. त्याले आणशीन तर तूही जा. नाईतर दोघंही घरी बसा." मार परवडला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांबरोबर त्या मुलाच्या घरी गेले. ती माउली अंगणात धान कांडत होती. तिने मुसळ थांबवलं नाही. मुलगा भिंतीला टेकून बसला होता, डोक्याला हळदीची पट्टी. मी रात्रभर गोड बोलायचं ठरवून आले होते, पण तोंडातून निघालं ते हेच, "काकी, याले पाठवा व. नाईतर माही पण शाळा जाते."

मग मी त्याच्यावरच उखडले. "आणि तू बे, दार काऊन उघडत होता? वाघाले अंदर घेत होता काय?"

तो म्हणाला, "मायच्या हाती पितळी थाळी राहते. डब्यांचा आवाज येगळा, थाळीचा येगळा. मी रोज आयकतो. काल आयकून राह्यलो होतो, अन् थाळी एकदम बंद झाली. मंग दारावर धडधड झाली." त्याने नाक पुसलं. "मले वाटलं, माय हाये बाहेर. अन् वाघही हाये."

मुसळ थांबलं. डुक्कर अंगावरून गेलं तेव्हा तिच्या हातची थाळी पडली होती, एवढंच झालं होतं. मला रडू फुटलं आणि ते मला थांबवता येईना. बाबा उगाच कवेलूंकडे बघत राहिले.

ती आली, तिने माझंही नाक आपल्याच पदराने पुसलं, जरा जोरातच. "आता रडू नोको," ती म्हणाली. "येईन तो. तू त्याच्या बाजूले बसजो. अन् पाटी तिकडच्या हातात धरजो."

तो आला. मी पक्ष सोडून भिंतीकडे त्याच्या शेजारी बसले. संध्याकाळी वडीलमंडळी आली, या वेळी शाळेच्या दारापासून सुरुवात करून रानाकडे हाकत. त्याने कान टवकारले, आणि थोड्या वेळाने त्याचे खांदे सैल पडले. त्याला थाळी सापडली होती. मीही डोळे मिटून त्या गलक्यात माझ्या बाबांचा डबा शोधू लागले. मला तो ओळखता आला नाही.