पाण्यावर विश्वास नसलेल्या बाई

माझी लातूरची नोकरी टिकली ती आमच्या घरमालकीणबाईंमुळे, हे आधी सांगते. पण त्यांच्याइतका पाण्यावर अविश्वास असलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. बाई रसायनशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका. शेजारणीनं मायेनं ताक आणलं तरी तांब्यात डोकावून विचारणार, "लिटरला मीठ किती ग्रॅम?" शेजारीण म्हणे, "अवो बाई, ताक हाय, औषध न्हाई!" एकदा जावई अचानक जेवायला आले. वरणात पाणी वाढवणं भाग होतं, तर बाईंनी लग्नपत्रिकेच्या पाठीवर गणित मांडलं: वरण दीडपट झालं, मग मीठ किती फिकं पडलं? उत्तर बिनचूक आलं. तोवर जावयांनी लोणच्याशी तीन भाकरी संपवल्या होत्या.

मी माहूरकडची. नववीत शाळा सुटली. लेकरं आईकडं ठेवून इथल्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये बाटल्या धुवायला लागले. सर म्हणाले, "द्रावणं करता आली तर ठेवून घेऊ, नाहीतर गावाकडं जा." पहिलंच काम, मिठाचं एक मोलर द्रावण, एक लिटर. त्या ताकदीला लिटरमागं लागतं तेवढं साडेअठ्ठावन्न ग्रॅम मीठ तोलून घेतलं, वर लिटरभर पाणी मोजून ओतलं. सरांनी ते सगळं बेसिनमध्ये सोडलं. "सोमवारी पुन्हा. शेवटचं."

"केलंस कसं?" बाईंनी विचारलं.

"भात लावते तसं, बाई. तांदूळ मोजून, पाणी मोजून."

बाईंनी एक पेला अर्धा साखरेनं भरला, दुसरा काठोकाठ पाण्यानं. "ओत." पाणी टेबलावरून थेट त्यांच्या पदरात. "बघितलंस? साखर काय हवेत बसती व्हय? द्रावण लिटरभर पाहिजे, पाणी न्हाई! आधी थोड्या पाण्यात विरघळव, मग रेघेपर्यंत भर."

रविवारभर बाईंचा जुना, गळ्याला रेघ असलेला काचेचा चंबू मी भरत राहिले. टेबलावरची साखर मुंग्यांनी संपवली, तरी बाई उठू देईनात. "रेघेला टेकलं का गं?" दर वेळी विचारायच्या.

सोमवारी मीठ आधी थोड्या पाण्यात विरघळवलं. शेवटचे थेंब ड्रॉपरनं सोडले. सर खाली वाकून, डोळा रेघेशी आणून बघत राहिले. म्हणाले, "जमलं. राहा आता."

धावत घरी येऊन पाया पडले. "पाया कशाला पडतीस, चंबू धुतलास का?" म्हणाल्या, आणि चष्मा पुसत बसल्या. तेव्हा त्यांनीच सांगितलं, रेघ त्यांना दिसतच नव्हती. डोळ्याच्या पडद्याचा आजार. डॉक्टरांनी हात टेकलेत. आणि मला वाटत होतं, बाई परीक्षा घेतायत.

कपाटातली त्यांची पुस्तकं कधीची मिटून पडलीत. माझं वाचन अजून ठेचकाळतं. पण दहावीचा फॉर्म भरलाय. एक दिवस त्यांच्यासमोर बसून ती सगळी वाचून दाखवीन, शेवटच्या पानावरच्या उत्तरांसकट.