न भुंकणारा टायगर

"आधी मालकाचं सांगा," असं म्हटल्याशिवाय त्यांनी कधी जनावराला हात लावला नाही.

मंगळवार पेठेतल्या जनावरांच्या दवाखान्यात ते कंपौंडर होते. डॉक्टर दिवसातून दोन तास यायचे, बाकी वेळ दवाखाना म्हणजे हेच. माझं झेरॉक्सचं दुकान बरोबर समोर. तुम्हीही कधी अशा दवाखान्याबाहेर बसून बघा. आजारी जनावर गप्प असतं, विव्हळत असतो तो मालक.

एकदा दोन घरं पलीकडचे अध्यक्ष वासराएवढा कुत्रा घेऊन आले. कसले अध्यक्ष, ते विचारू नका. पेठेत ज्या ज्या गोष्टीला अध्यक्ष लागतो, त्या सगळ्याचे. कुत्र्याचं नाव टायगर. तक्रार एकच, भुंकत नाही.

"दारात कोण बी येऊ दे, ह्यो शेपूट हलवतोय. माझी काय इज्जत हाय का न्हाय? एखादं इंजेक्शन मारा."

"भुंकायचं इंजेक्शन अजून निघालं न्हाय," कंपौंडर म्हणाले, "आन् निघालं तरी कोल्हापुरात खपायचं न्हाय."

त्यांनी टायगरच्या मागं स्टीलचा ट्रे आपटला. कान वळले, म्हणजे ऐकू येत होतं. जबडा उघडून घसा बघितला. तोही ठणठणीत.

"साहेब, काही कुत्री स्वभावानंच कमी बोलत्यात. निवांत असत्यात. रातदिस भुंकणारी बरीचशी आतनं भ्यालेली असत्यात."

इतक्यात अध्यक्षांचा फोन वाजला. ते फोनवर असे गरजले की माझ्या दुकानातलं गिऱ्हाईक दचकलं. टायगर टेबलावरून उतरला आणि टेबलाखाली पोट टेकून बसला. कंपौंडर तिकडं बघत राहिले.

"पिल्लू असताना भुंकलं की तुम्ही काय करायचा?"

"फोनवर असलो की द्यायचो दोन पेकाटात. शिस्त नको व्हय?"

"मग शिकलंय की ते. तुम्हीच शिकवलं."

अध्यक्ष लालबुंद झाले. "उद्या घाटात सोडून येतो बघा ह्याला!"

"घाटात कशाला? हितं ठेवा. आठ दिवस बघू."

आठ दिवसांचे आठ महिने झाले. अध्यक्षांनी तोवर मुठीएवढं, केसाळ कुत्रं आणलं. ते अष्टौप्रहर भुंकायचं, सगळ्यात जास्त अध्यक्षांवरच. तरी वाढदिवसाच्या फलकावर त्याला मांडीवर जागा मिळाली.

टायगरला विसरल्या नाहीत त्या वहिनी, अध्यक्षांच्या पत्नी. दर गुरुवारी दुपारी त्या भाकरी घेऊन दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसायच्या. पंधरा वर्षांच्या शेजारात मी त्यांना फक्त मान हलवतानाच पाहिलं होतं.

"वैनी, त्याला हाक तरी मारा," एकदा कंपौंडर म्हणाले.

"आमच्यात एकच माणूस बोलतंय," त्या हळूच म्हणाल्या. "तेवढं पुरतंय."

कंपौंडर उठले. आत गेले, ब्रश आणला आणि वहिनींच्या हातात दिला. मग दर गुरुवारी त्या टायगरचे केस विंचरत त्याच्याशी पुटपुटू लागल्या. काय, ते मला कळलं नाही. खोटं कशाला सांगू, मी मशीन बंद करूनही ऐकायचा प्रयत्न केला.

पुढं कंपौंडरांच्या गुडघ्यांनी साथ सोडली. त्यांनी काम सोडलं आणि चंदगडकडच्या आपल्या गावी निघाले. टेम्पोत खाट, ट्रंक, चार भांडी आणि गादीच्या वळकटीवर दोरीनं बांधलेला टायगर. वहिनी निरोपाला आल्या होत्या. ड्रायव्हरनं हिसका देऊन गाडी काढली, टायगर घसरला, दोरी त्याच्या गळ्याला आवळली.

"अवो टेम्पोवालं! थांबवा की गाडी! गळफास बसतोय त्याला, दिसत न्हाय व्हय?"

अख्खी पेठ थबकली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. कंपौंडर लंगडत खाली उतरले, दोरी सैल केली, गाठ पुन्हा मारली.

"आता जाऊ का, वैनी?"

"सावकाश न्या," त्या म्हणाल्या. आवाज अजून तेवढाच मोठा होता.

टेम्पो कोपऱ्यावरून वळला. वहिनी रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या. अध्यक्ष कानाचा फोन हातात घेऊन गॅलरीत आले.

"कोण वरडलं गं मगाशी?"

"मी," वहिनी म्हणाल्या.