काचेवरचा डाग

सूर्य मावळून अर्धा तास झाला की माझा फोन वाजायचा. पलीकडं कोरेगावचा आत्माराम, तोफखान्यातला निवृत्त सुभेदार. इकडं मी, कवठे महांकाळात राहणारा निवृत्त भूगोलमास्तर. त्यानंच दिलेल्या जुन्या दुर्बिणीतून पश्चिम न्याहाळायची आणि त्याला अहवाल द्यायचा, हे माझं काम. दीड महिन्यापूर्वी फोन वाजला. त्याचंच नाव होतं. पलीकडचं ऐकायच्या आत मी सुरू झालो, "आज भोपळा, सुभेदार, कायबी दिसलं न्हाई. लिव वहीत." पलीकडं त्याची सून होती. ती म्हणाली, "काका, आवं... आप्पा गेलं दुपारी." मित्र गेल्याची बातमी यावी आणि आपण भोपळा सांगावा... हे ऐकून आठवडाभर हसला असता असा एकच माणूस होता.

तीस वर्षं मी फळ्यावर सूर्यमाला काढली, पण मान वर करून कधी पाहिलं नाही. आत्मारामानं सरहद्दीवर तोफांसाठी अंतरं मोजली होती. निवृत्तीनंतर तीच नजर त्यानं आभाळाला लावली. हात लांब करून मूठ धरली की त्याचं माप तयार. ध्यास एकच : कुणीही न पाहिलेलं शेंडेनक्षत्र आपण आधी पाहायचं. धूमकेतूला शोधणाऱ्याचं नाव देतात, हे त्यानं कुठंसं वाचलं होतं. ऊस होता, पेन्शन होती. "पर नाव वर पायजे गड्या," म्हणायचा. वीस वर्षं रोज वही लिहिली. काही दिसलं नाही तर तेही लिहायचं, हा नियम.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर त्याचा दबक्या आवाजात फोन आला. नकाशात नसलेला एक पुसट ठिपका दिसला होता. दुसऱ्या संध्याकाळी तो जागचा सरकलेला दिसला, तरच धूमकेतू; तरच वेधशाळेला कळवता येणार. आणि नेमके दुसऱ्या दिवशी कोरेगाववर ढग. सगळा भार माझ्यावर. शुक्राच्या खाली, उजवीकडं एक मूठ... पाहिलं, तर तिथं धुरकट डाग. नुकतीच भजी खाल्ली होती, त्यामुळं संशय आधी स्वतःच्या बोटांवर गेला. बनियनच्या टोकानं डोळ्याकडची काच पुसली. डाग तिथंच. मग फुंकर घातली, मग थुंकी लावली, शेवटी भांडी घासायची चिमूटभर राख. तोवर सगळंच क्षितिजाखाली गेलं. मी ऐटीत कळवलं, तुझी काच लय मळलीया, बाकी कायबी न्हाई.

त्यानं हळूच विचारलं, "मास्तर, दुर्बीण हलवल्यावर डाग संगं हलला का?"

"न्हाई. तितंच व्हता."

"...मग त्योच रं त्यो."

मी त्याची नेमकी जागा मोजलीच नव्हती, आणि पुढचे दोन दिवस दोन्हीकडं ढग होते. तिसऱ्या दिवशी मोबाईलवर बातमी आली. दूर देशातल्या कुणीतरी तो कळवला होता आणि नावही त्याचंच लागलं होतं. मी माफीची वाक्यं पाठ करत एसटीनं कोरेगाव गाठलं. त्यानं मला बोलूच दिलं नाही. वही काढली आणि माझ्यासमोर लिहिलं : 'मास्तरांना दिसला. पुसला. गेला नाही.' मग पोट धरून हसला. त्या संध्याकाळी आम्ही गच्चीवरून तो पाहिला, शेंडीसकट. "नाव त्येचं असू दे," तो म्हणाला, "पर राखंनं घासून कुणी बघितलाय? तू एकट्यानं." त्यानंतर त्यानं बराच वेळ डोळ्यांवरची दुर्बीण काढली नाही. मीही त्याच्याकडं पाहिलं नाही.

तो धूमकेतू आता आपल्या कुणाच्याच हयातीत परतायचा नाही. माझ्या काचेवर राखेचे चरे मात्र कायमचे राहिलेत. त्यांच्या कृपेनं प्रत्येक ताऱ्याला मला वाकडी शेंडी दिसते. अजून वेळ झाली की गच्चीवर जातो, फोन कठड्यावर ठेवतो. परवा शुक्राच्या खाली काहीतरी धुरकट दिसलं. पुसलं नाही. हळूच दुर्बीण हलवली. डाग संगं हलला. म्हणजे काचेवरचाच, म्हणजे भोपळा... एवढीशी बातमी घेऊन मी अंधार पडेस्तोवर त्या फोनकडं बघत उभा होतो.