बघूकाकांचा नकार

चष्म्याच्या दुकानाचा मालक आणि नाव पडलं ‘बघू’. गल्लीतल्या टवाळांनी ते धंद्यावरून ठेवलं असेल असं परक्याला वाटे, पण कारण निराळं होतं. या गृहस्थाला काहीही विचारा, उत्तर एकच. दुकानाला रंग कुठला द्यायचा? बघू. दुखरी दाढ काढायची की ठेवायची? बघू. शेवटी दाढेनंच कंटाळून राजीनामा दिला. लग्नाचंसुद्धा काकूंनीच विचारलं होतं. “मी हो म्हणतेय, तुमचंही हो धरू का?” यावर बघूकाकांनी मान हलवली. ती नक्की कुठल्या दिशेनं हलली, यावर त्यांची बहीण पुढं जन्मभर विनोद करत राहिली.

तेव्हापासून घरातली सगळी ठरवाठरवी काकूंच्या गळ्यात. लेकीची शाळा, भाड्याचं घर, पडद्याचं कापड, सगळं. लोक म्हणत, काकू खमक्या आहेत. खमक्या कसल्या, दमल्या होत्या बिचाऱ्या. एखाद्या दिवशी भांडी आपटत त्या म्हणत, “एकदा तरी तुम्ही ठरवा हो! चुकलं तर चुकू दे.”

दुकानात मात्र हे तळ्यात-मळ्यात उपयोगी पडे. डोळे तपासताना बघूकाका काच बदलून बदलून विचारत, “आधीची बरी, की ही?” गिऱ्हाईक वैतागे, पण चष्म्याचा नंबर कधी चुकत नसे.

मग गेल्या वर्षी एका सकाळी बघूकाकांनी जाहीर केलं, “दुकानाचं दार निळं करायचं.” दुपारपर्यंत ते निळं झालंही. पाठोपाठ धूळ खात पडलेली स्कूटर विकली गेली. बहीण नेहमीसारखी काकूंना टोमणे मारायला लागली, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “ताई, हिला टोमणे मारायचे असतील तर माझ्या घरी येऊ नकोस.” काकू आत जाऊन ओट्यापाशी रडल्या, आनंदानं. आणि एका संध्याकाळी बसच्या थांब्यावर, चार लोकांदेखत, त्यांनी काकूंचा हात धरला. “तुला कधी बोललो नाही. पण मला तूच हवी होतीस. तेव्हाही, आताही.” बस आली आणि निघून गेली, दोघं तिथंच उभी. काकू शेजारणींना सांगत सुटल्या, की देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो म्हणतात ते काही खोटं नाही.

काकूंच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली ती दुकानात. त्या डबा द्यायला गेल्या, तर तपासणीच्या खुर्चीत निवृत्त मास्तर बसलेले. बघूकाकांनी एकच काच लावली आणि म्हणाले, “झालं. हाच तुमचा नंबर.”

“अहो, मला धूसर दिसतंय,” मास्तर म्हणाले.

“दिसेल. मला कळतं ना.”

मास्तर नवा चष्मा लावून घरी गेले आणि त्याच आठवड्यात जिन्यावरून पडले. खुबा मोडला. काकूंनी धावतच दुकानात येऊन बातमी सांगितली. बघूकाका फ्रेम पुसत होते. “पडतात माणसं,” ते म्हणाले आणि शीळ घालत पुसत राहिले. गिऱ्हाइकाच्या नाकाला फ्रेम टोचली तरी ज्याला जेवण जात नसे, तो हा माणूस! आपल्या घरात हे कोण राहतंय, असं काकूंच्या मनात आलं. पुढं ते उजवी-डावीकडे न बघता रस्ता ओलांडायला लागले, तेव्हा काकूंनी त्यांना ओढतच इस्पितळात नेलं.

डॉक्टरबाईंनी काळी फिल्म उजेडावर धरली. कपाळाच्या मागं लिंबाएवढी गाठ होती.

“माणूस काही ठरवतो, तेव्हा मेंदूचा हा भाग दोन्ही बाजू तोलतो,” त्या म्हणाल्या. “भीती घालतो, थांबवतो. गाठ नेमकी इथं दाबतेय. यांना धीर आलेला नाही काकू, यांचा ब्रेक सुटलाय.”

“म्हणजे दार निळं केलं ते...?”

“असू शकतं.”

काकूंनी हळूच विचारलं, “आणि प्रेमानं काही बोलले असतील तर?”

डॉक्टरबाईंनी फिल्म खाली ठेवली. “ते फिल्ममध्ये दिसत नाही हो.”

ऑपरेशन आता केलं तर माणूस वाचण्याची चांगली आशा होती. नाही केलं तर आधी नजर जाणार, मग जीव. बघूकाकांनी ऐकलं आणि एक घाव दोन तुकडे केले. “नको. ठरलं.” वर हसून म्हणाले, “डॉक्टर, तुम्हाला गोल फ्रेम शोभेल.”

डॉक्टरबाईंनी काकूंना बाहेर घेतलं. “विचार करून नको म्हणत असतील, तर तो त्यांचा हक्क आहे, मी हात लावणार नाही. पण नुसतंच नको असेल, तर ती गाठ बोलतेय. मग ठरवायचं तुम्ही. माझ्यापुढं ते थट्टाच करतात. तुम्ही एकट्या विचारा, काही कारण सांगतात का.”

काकूंनी लेकीला फोन लावला. “आई, तू म्हणशील तसं,” ती म्हणाली. बापाचीच लेक ती.

खोलीत बघूकाका खाटेवर पाय सोडून बसले होते. काकूंनी विचारलं, “का नको?” ते हसले. काकूंनी पुन्हा विचारलं. या वेळी हसू हळूहळू मावळलं.

“काढली की मी पहिल्यासारखा होणार ना?”

“हो. व्हाल, म्हणतात.”

“तो माणूस तुला माहीत नाही. तुला वाटायचं, मी विचार करतोय. मी घाबरलेला असायचो गं. शर्ट निवडताना, दुकान उघडताना, तुझ्याशी बोलताना. जन्मभर. या वर्षी पहिल्यांदा सुटलो. मरणार, हे कळतंय मला. लेकीला त्रास होईल, तुला जास्त. मास्तरांचंही कळतंय, नुसतं आत काही हलत नाही. तरी राहिलेले दिवस असेच हवेत.” त्यांनी काकूंचा हात धरला. “तू सांग त्या डॉक्टरबाईला. मला तिच्यापुढं थट्टाच सुचते.”

“सांगते,” काकू म्हणाल्या.

कारण मिळालं होतं. दोन्ही बाजू तोलून, नीट शब्दांत मांडलेलं. आयुष्यभर ज्या एका निर्णयाची वाट पाहिली, तो नेमका हा निघाला. काकूंना संताप आला, त्यांचा, डॉक्टरचा, देवाचा. पण त्याहून मोठी होती ती रिकाम्या घराची धास्ती. त्यांना हा माणूस हवा होता. भित्रा, मुका, कसाही असो, पण हवा होता.

बाहेर डॉक्टरबाई उभ्या होत्या. “काही बोलले?”

“नाही हो,” काकू म्हणाल्या. “नुसते हसले.”

“मग सकाळी लवकर घेऊ. डोक्याची तयारी आत्ताच करून ठेवू.”

काकू आत आल्या. “सांगितलंस?” बघूकाकांनी विचारलं.

“हो.”

“पटलं तिला?”

“पटलं.”

त्यांनी मोठा सुस्कारा सोडला आणि मागं टेकले. इतक्यात दार उघडलं. परिचारिका गरम पाण्याचं भांडं आणि वस्तरा घेऊन आली. बघूकाकांनी वस्तऱ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे.

“हे कशाला?”

काकूंनी त्यांचं डोकं दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि परिचारिकेला म्हणाल्या, “करा तुम्ही.”