अकरा नियमांची वही

पिपलानीच्या कारखाना-वसाहतीतल्या वाचनालयात नरहर पिंगळ्यांनी अकरा नियमांचा फळा लावला, तेव्हा त्यांच्या पत्नी मनोरमाबाई म्हणाल्या होत्या, लग्नातसुद्धा सात वचनांवर भागतं. पण निवृत्त टाइमकीपरच तो! खरं कौतुक होतं ते वहीचं. मोटर दुरुस्तीतला आपला अनुभव पानभर लिहायचा, मगच वही घरी न्यायची. बढतीच्या परीक्षेआधी तिला पोथीचा मान असे.

शनिवारी सकाळी दुधाच्या रांगेत कारखान्यातला सुभाष भेटला. "काका, सहा महिने वाट बघतोय. ती वही दिसते तरी कशी?"

"संध्याकाळी पाच ते आठ उघडं असतं. ये की."

"दोन ते दहा मी मशीनवर असतो. आणि रविवारी तुमचं कुलूप."

नरहररावांना स्वतःचाच फळा आठवला. तीस वर्षं कोण कुठल्या पाळीला आला हेच टिपलं, आणि स्वतःचं दुकान मांडताना पाळ्याच विसरले. परीक्षा सोमवारी, जागा एक. वही मात्र त्यांच्याच घरात, मुलाच्या, विजयच्या उशीखाली. आणि वयाच्या अटीमुळे विजयची ही शेवटची खेप.

घरी येऊन त्यांनी वही मागितली. "नियम चौथा," विजय म्हणाला. "नेणाऱ्याकडे वही आठवडाभर. म्हणजे सोमवारपर्यंत माझी. तुम्हीच लिहिलाय, बाबा."

"चुकीचा लिहिला."

"मग सोमवारनंतर सुधारा."

स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं. नरहररावांनी वहीला हात लावला नाही. संध्याकाळी सुभाषच्या घरी निरोप ठेवला, उद्या सकाळी आठला वाचनालयात ये.

रविवारी सकाळी आठला त्यांनी वाचनालय उघडलं. समोर सुभाष, मध्ये रिकामं टेबल. पंधरा मिनिटं दोघांनी पंख्याविषयी बोलून काढली. पंख्यात बोलण्यासारखं काही नव्हतं. मग स्कूटरचा आवाज आला. विजय आत आला, बापाकडे न बघता वही टेबलावर ठेवून बसला.

सुभाष भराभर वाचत गेला आणि विजयच्याच पानावर अडला. "विजयभैया, हे सकाळच्या थंड मोटरचं झालं. संध्याकाळी मोटर तापलेली असते, इन्सुलेशनचं रीडिंग खाली येतं. तुम्ही चांगली मोटर खराब समजून भंगारात काढाल."

विजयचे कान लाल झाले.

विजयनं पेन पुढे सरकवलं. "लिही. पान लिहिल्याशिवाय वही मिळत नाही." आणि ते पान वाचायला खुर्ची उचलून सुभाषच्या बाजूला नेली.

नरहरराव खडू घेऊन फळ्याकडे वळले. चौथा नियम पुसायचा होताच. आणि पोरांना चेहरा दिसू नये म्हणून पाठ करून उभं राहायला तेवढं निमित्त पुरेसं होतं.