थर्मासमधलं पाणी

ताफी व्हिएहो गावच्या मुलींच्या हॉकी क्लबात नेलिदा ओवेहेरोला पद काहीच नव्हतं, पण बावीस वर्षं तिच्यावाचून पान हलत नव्हतं. पोरींना गाडीत कोंबून सामन्याला नेणं, फुटलेले गुडघे बांधणं, पंचांशी कडाकडा भांडणं, सगळं तिच्याकडे. काखेत चहाच्या पाण्याचा थर्मास कायमचा. सामन्याआधी पोरींना रांगेत उभं करून डाफरायची, "आ करा गं! दातांवर गार्ड नाही तर मैदान नाही!" बाई तोंडानं फटकळ, पण दातांच्या बाबतीत तिनं कधी कुणाची गय केली नाही.

आणि त्या शनिवारी हिनंच माती खाल्ली.

बारा वर्षांच्या रोसीओ लेदेस्माचा माउथगार्ड कोरा होता, पाकीटसुद्धा फोडलेलं नव्हतं. तो उकळत्या पाण्यात मऊ करून लगेच चावायचा, तेव्हा कुठे दातांवर घट्ट बसतो. पंच तर शिट्टी तोंडात धरून उभा. नेलिदानं थर्मास उघडला. आता येर्बाच्या पाल्याच्या चहाला आमच्याकडे उकळतं पाणी कुणी घेतं का? येर्बा करपते, आणि सासू आठ दिवस ऐकवते. शिवाय सकाळपासून निम्मा थर्मास संपलेला, उरलेलं पाणी आणखी निवलेलं. हे सगळं ठाऊक असून तिनं त्याच पाण्यात गार्ड बुडवला आणि पोरीच्या तोंडात सारला.

"सैल लागतोय, मावशी."

"नखरे पुरे! दात आवळ आणि पळ."

दहाव्या मिनिटाला गार्ड घसरून गवतात पडला. तो उचलायला रोसीओ वाकली आणि कुणाची तरी स्टिक तोंडावर बसली. पुढचा दात अर्धा तुटला. तिचा बाप उबाल्दो कुंपणावरून उडी मारून धावत आला.

"गार्ड नव्हता का घातला हिनं?"

पंचांना न घाबरणारी नेलिदा तेव्हा घाबरली. म्हणाली, "मी तपासूनच सोडली होती. मध्येच काढला असेल तिनं. हट्टी आहे तुझी लेक."

उबाल्दोनं त्याच संध्याकाळी पोरीची हॉकी बंद केली.

नेलिदाला त्यानंतर अन्न गोड लागेना. शरम वाटत होती, स्वतःचा संताप येत होता. मंगळवारी सरावाला रांगेतल्या पोरींनी आ केला, तर तिला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. बुधवारी ती तडक लेदेस्मांच्या घरी गेली आणि बसायच्या आधीच बोलली, "चूक माझी आहे, उबाल्दो. पाणी पुरेसं गरम नव्हतं. गार्ड सैल आहे असं तिनं मला सांगितलं होतं. वर मी तुझ्याशी खोटं बोलले. मला काय बोलायचं ते बोल, पण तिला खेळू दे."

उबाल्दो म्हणाला, "जाईल ती उद्यापासून."

रोसीओ दारात उभी होती, तोंडावर हात धरून. नेलिदाला राहवलं नाही. "अगं पोरी, निदान बाबांना तरी खरं सांगायचं होतंस!"

"सांगितलं होतं," रोसीओ म्हणाली. "त्याच दिवशी, दवाखान्यात. बाबा म्हणाले, नेलिदामावशी कशाला खोटं बोलेल?"

उबाल्दो खाली मान घालून बसून राहिला. नेलिदाला त्याच्याकडे बघवेना, आणि पोरीकडे तर मुळीच नाही.